इंजिनचं काम घरी करायचं की गॅरेजला द्यायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडी धूर सोडतेय, ऑइल पितेय. म्हणजे इंजिन खोलायलाच हवं का?

नाही. सगळ्यात जास्त पैसे इथेच पाण्यात जातात. धुराचा रंग आणि त्याची वेळ आधी बघा. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करताच निळा धूर भपकन येऊन थांबत असेल, तर बहुधा व्हॉल्व्हची सीलं कडक झाली आहेत. रात्रभरात ऑइल त्यांतून झिरपतं आणि सुरू होताना जळतं. अनेक इंजिनांत ही सीलं हेड (सिलिंडरांवरचं, व्हॉल्व्ह असलेलं झाकण) न उतरवताही बदलता येतात. चढावर, जोर दिल्यावर सतत निळा धूर येत असेल तर संशय पिस्टनभोवतीच्या रिंगांवर जातो. दाट पांढरा धूर, गोडसर वास आणि कूलंट कमी होणं ही तिन्ही एकत्र दिसली तर हेड गास्केट (हेडखालचं पॅकिंग) गेलं आहे किंवा हेडला तडा आहे. काळा धूर म्हणजे हवेच्या मानानं इंधन जास्त, त्यासाठी कुणी पिस्टन काढत नाही.

क्रँककेसमधली (क्रँक फिरतो त्या खालच्या भागातली) वाफ परत इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेणाऱ्या वाटेत, नेणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह तुंबला तरी इंजिन ऑइल पितं. बोटाएवढा पार्ट असतो. तो आधी बदला, मग बाकीचं बोलू.

त्यानंतर कॉम्प्रेशन टेस्ट. इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, इंधन आणि इग्निशन बंद, बॅटरी भरलेली, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. पेट्रोल इंजिनात साधारण १० ते १३ बार दिसायला हवेत, पण आकड्यापेक्षा सिलिंडरा-सिलिंडरांतला फरक जास्त सांगून जातो. तीन सिलिंडर १२ बार आणि चौथा ८ असेल, तर त्या चौथ्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वर चढला तर रिंगा किंवा बोअर (सिलिंडरचं भोक) झिजलं आहे. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गास्केट. (डिझेलचा दाब याच्या दुप्पट-तिप्पट असतो, त्याचं गेजही वेगळं. पेट्रोलचं लावू नका.)

लीक-डाउन टेस्ट त्याहून बोलकी. पिस्टन वरच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून दाबाची हवा सोडायची आणि कान लावायचा. ऑइल भरायच्या तोंडातून फुसफुस आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरकडून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गास्केट. या दोन चाचण्या न करता जो नुसता आवाज ऐकून ‘इंजिन उतरवावं लागेल’ म्हणतो, त्याच्याकडून मी तरी गाडी परत आणेन.

‘घरी बांधलं’ म्हणजे सगळं घरीच होतं का?

कुणाचंच होत नाही. बोअर मारणं, क्रँक ग्राइंड करणं, हेडचं फेसिंग, व्हॉल्व्हच्या सीट कापणं ही मशीनची कामं आहेत. ती मशीनं खोलीएवढी असतात आणि ती चालवणारा माणूस वर्षानुवर्षं तेच करत असतो. पुष्कळ गॅरेजंसुद्धा ही कामं बाहेर लेथवर पाठवतात. म्हणजे तुमचा ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य भाग) आणि गॅरेजचा ब्लॉक शेवटी एकाच टेबलावर येऊन पडण्याची शक्यता बरीच.

घरी उरतं ते खोलणं, धुणं, मोजणं आणि जोडणं. गॅरेजकडे द्यायचं की नाही हे या चार कामांपुरतंच ठरवायचं असतं, आणि माझ्या मते त्यातल्या तिसऱ्यावर सगळं अडतं. खोलता कुणालाही येतं. जोडणं पुस्तक बघून जमतं. मोजायचा कंटाळा असेल तर मात्र घरी हात घालू नका.

मोजायचं म्हणजे नेमकं काय?

सिलिंडरचं बोअर डायल बोअर गेजनं मोजतात. वर, मध्ये आणि खाली अशा तीन उंचीवर, प्रत्येक ठिकाणी क्रँकच्या दिशेनं आणि तिला आडवं. एका सिलिंडरची सहा मापं झाली. सगळ्यात जास्त झीज वरती असते, वरची रिंग जिथून मागे फिरते तिथे. दाब तिथे सर्वाधिक आणि ऑइल सर्वात कमी. नखानं चाचपलंत तर जुन्या इंजिनात तिथे एक कडाच लागते. आडव्या-उभ्या मापांत फरक आला तर बोअर लंबगोल झालं आहे, वर-खाली फरक आला तर निमुळतं. किती चालतं ते त्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. व्हर्नियरनं हे काम होत नाही. लाकडाच्या वखारीतल्या काट्यावर सोनं तोलण्यातला प्रकार होईल.

क्रँकचे जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग, मायक्रोमीटरनं मोजायचे. जर्नल आणि बेअरिंग यांच्यातली फट मोजायला प्लास्टिगेज नावाची मेणासारखी बारीक काडी मिळते. जर्नल कोरडं पुसायचं, काडीचा तुकडा त्यावर क्रँकच्या लांबीच्या दिशेनं ठेवायचा, कॅप बसवून पूर्ण टॉर्कनं कसायची आणि लगेच खोलायची. मध्ये क्रँक जराही फिरवायचा नाही. काडी चेपून पट्टीसारखी झालेली असते. तिची रुंदी पाकिटावरच्या खुणांशी ताडून बघितली की फट कळते. पट्टी जितकी रुंद, तितकी फट कमी. ५० मिमीच्या जर्नलला ही फट साधारण ०.०२ ते ०.०५ मिमी असते. माणसाचा केस याहून जाड भरतो. पट्टी एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला अरुंद दिसली तर जर्नल निमुळतं झिजलं आहे, आणि नवी बेअरिंगं टाकून ते सुधारणार नाही.

रिंग पिस्टनवर चढवण्याआधी नुसती बोअरमध्ये सरकवा, पिस्टनच्या डोक्यानं ढकलून सरळ करा आणि तिच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजनं बघा. ८० मिमी बोअरला ०.३ मिमीच्या आसपास हवी. कमी असेल तर गरम झाल्यावर रिंगेची टोकं एकमेकांना भिडतात आणि सिलिंडर ओरबाडला जातो.

नुसत्या रिंगा आणि बेअरिंगं बदलून भागेल ना?

बोअर मापात असेल तर हो. होन मारून (घासायचे दगड फिरवून) भिंतीवर जाळीसारख्या तिरप्या रेषा उमटवायच्या आणि नव्या रिंगा टाकायच्या. त्या रेषांत ऑइल टिकून राहतं. बोअर लंबगोल झालं असेल तर नवी गोल रिंग त्यात बसणार कशी? चार-सहा महिने बरे जातात, मग पुन्हा धूर. अशा वेळी बोअर मोठं करून ०.२५ किंवा ०.५० मिमी ओव्हरसाइजचे पिस्टन टाकतात, नाहीतर स्लीव्ह, म्हणजे आतून नवी नळी, बसवतात.

एक क्रम मात्र उलटा करू नका. आधी पिस्टन आणा, मग ब्लॉक बोअरला टाका. पिस्टनचं प्रत्यक्ष माप घेऊन लेथवाला बोअर मारतो. पाकिटावरच्या आकड्यावर भिस्त ठेवून आधी बोअर मारलं आणि त्या मापाचे पिस्टनच मिळाले नाहीत, तर ब्लॉक कोपऱ्यात पडून राहतो.

घरी केल्यानं खरंच पैसे वाचतात का?

मजुरी वाचते, आणि मजुरी हा बिलातला मोठा भाग असतो. लेथचं काम आणि पार्ट यांचे पैसे दोन्हीकडे तेच. वर घरी करणाऱ्याला हत्यारं घ्यावी लागतात: टॉर्क पाना, मायक्रोमीटर, बोअर गेज, रिंग कॉम्प्रेसर, व्हॉल्व्ह स्प्रिंग दाबायचं क्लॅम्प, इंजिन उचलायची घोडी, इंजिन स्टँड. घोडी आणि स्टँड भाड्यानं आणता येतात, तीच आणा. बाकीचं विकत घेतलं तर पहिल्या इंजिनात बचत फारशी दिसत नाही. दुसऱ्यात दिसते, पण दुसरं इंजिन बांधायची वेळ किती जणांवर येते?

शिवाय जी गाडी रोज लागते तिचं इंजिन घरी खोलणं मला पटत नाही. घाई होते, आणि घाईत मोजायचं राहतं. घरी दुसरी गाडी असेल किंवा ही हौसेची जुनी गाडी असेल तर गोष्ट वेगळी.

किती दिवस लागतात?

सवयीचा मेकॅनिक हाताचं काम आठवड्याच्या आत उरकतो. उरलेला वेळ लेथची आणि पार्टची वाट बघण्यात जातो. घरी, पहिल्यांदा, फक्त सुट्टीच्या दिवशी करणार असाल तर दोन-तीन महिने धरून चाला. निम्मा वेळ धुण्यात जातो, हे आधी कुणी सांगत नाही.

खोलताना सगळ्यात जास्त चुका कुठे होतात?

खुणा न करण्यात. माझंच सांगतो. पहिलं इंजिन खोललं तेव्हा कनेक्टिंग रॉडच्या कॅप मी एका ताटात काढून ठेवल्या. सारख्याच दिसतात, कुठलीही कुठेही बसेल असं वाटलं. जोडताना दोन आणि तीन नंबरच्या कॅप अदलाबदल झाल्या. नशीब एवढंच, की प्रत्येक कॅप कसल्यावर क्रँक हातानं फिरवून बघायची सवय एका जुन्या मिस्त्रीनं लावली होती. दुसरी कॅप कसली आणि क्रँक थिजल्यासारखा अडला. रॉड आणि त्याची कॅप कारखान्यात एकत्र मशीन होतात, त्यांची जोडी फोडायची नसते. मेन बेअरिंगच्या कॅपचंही तेच, शिवाय त्यांना पुढचं-मागचं असतं.

तेव्हापासून पुठ्ठा वापरतो. पुठ्ठ्यावर हेडचं चित्र काढायचं, भोकं पाडायची आणि प्रत्येक बोल्ट ज्या जागेवरून निघाला त्याच जागी खोचायचा. लांब-आखूड बोल्ट एकाच ओळीत असतात. लांब बोल्ट आखूड भोकात गेला की तळाला टेकतो, पाना ‘घट्ट’ सांगतो आणि गास्केट सैलच राहतं. पुशरॉड, टॅपेट, रॉकर हे व्हॉल्व्ह हलवणारे पार्ट जिथले तिथेच परत गेले पाहिजेत, ते एकमेकांवर झिजलेले असतात. फोटो काढाच, पण एका फोटोत मागची नळी कधीच दिसत नाही हे लक्षात ठेवून तीन बाजूंनी काढा.

आणि इनटेकच्या तोंडात चिंधी कोंबणार असाल तर भडक रंगाची कोंबा.

धुण्यात एवढं काय आहे?

होन मारल्यावर बोअरमध्ये दगडाची भुकटी राहते. ती डिझेलनं किंवा पेट्रोलनं जात नाही. कोमट पाणी, साबण आणि ब्रश लागतो. पांढरं कापड फिरवून ते पांढरंच निघेपर्यंत घासायचं, मग लगेच कोरडं करून ऑइल चोळायचं, नाहीतर तासाभरात गंजाची झाक येते. क्रँकमधली ऑइलची भोकंही बारीक ब्रशनं साफ करायची. ही भुकटी आत राहिली तर नव्या बेअरिंगांना ती पॉलिश पेपरसारखी घासत बसते.

ॲल्युमिनियमचं हेड कॉस्टिक सोड्यात टाकू नका. लोखंडी ब्लॉक त्यात स्वच्छ निघतो, ॲल्युमिनियम विरघळतं.

जोडताना ‘हाताच्या अंदाजानं’ कसलं तर?

चालणार नाही. हेडचे बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या दिशेनं, टप्प्याटप्प्यानं कसायचे. सोडताना उलटं, बाहेरून आत. बऱ्याच नव्या इंजिनांत बोल्ट आधी ठरावीक टॉर्कला आणि मग ठरावीक कोनात फिरवायचे असतात. उदाहरणार्थ ४० न्यूटन-मीटर, मग ९० अंश, मग पुन्हा ९० अंश. हे बोल्ट मुद्दाम ताणले जातात, म्हणून एकदाच वापरायचे. ब्लॉकच्या बंद भोकांत ऑइल किंवा पाणी साचलेलं असेल तर आधी काढा. बोल्ट खाली उतरताना ते दाबलं जाऊन ब्लॉकला तडा जाऊ शकतो.

सिलिकॉनही जपून. बाहेर जेवढं ओघळलेलं दिसतं तेवढंच आतही ओघळलेलं असतं. ते तुटून चेंबरमध्ये (तळाच्या ऑइलच्या भांड्यात) पडतं आणि ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतं.

टायमिंगच्या (क्रँक आणि कॅमशाफ्टचा मेळ दाखवणाऱ्या) खुणा जुळवून झाल्या की स्टार्टर मारण्याआधी क्रँक हातानं, पान्यानं, पूर्ण दोन फेरे फिरवा. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टची एक फेरी होते, म्हणून दोन. कुठे अडलं तर जोर लावू नका. पुष्कळ इंजिनांत टायमिंग चुकलं की व्हॉल्व्ह थेट पिस्टनवर आदळतो.

कोणतं इंजिन घरी अजिबात खोलू नये?

सिलिंडरच्या भिंतीवर निकासिलसारखा लेप असलेलं, कारण ते साध्या पद्धतीनं बोअर होत नाही. कॉमन रेल डिझेल, कारण त्याच्या रेलमधला दाब १००० बारच्या खूप वर जातो आणि चालू इंजिनावर नळी ढिली केली तर डिझेलची धार कातडीत घुसते. हायब्रिड, कारण त्या नारिंगी केबलींना हात लावायला वेगळं प्रशिक्षण लागतं. एसीचा गॅसही हवेत सोडून देऊ नका, तो माहीतगाराकडून काढून घ्या.

साधं, चार सिलिंडरचं, लोखंडी ब्लॉकचं, पार्ट सहज मिळणारं पेट्रोल इंजिन हे पहिल्यांदा करायला सगळ्यात बरं.

जिवाला धोका कशात आहे?

वजनात आणि पेट्रोलमध्ये. लहान इंजिनसुद्धा १०० किलोच्या आसपास भरतं, मोठं त्याच्या दुपटीहून जास्त. लटकत्या इंजिनाखाली हात घालायचा नाही, आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शिरायचं नाही, स्टँड लावायचे. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते, दूरच्या ठिणगीनंही पेटते. सांडलेलं कूलंट लगेच पुसा. ते चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि दगावतात.

गॅरेजला द्यायचं ठरवलं तर काय विचारायचं?

बोअर, जर्नल आणि हेडच्या सपाटीची मापं कागदावर लिहून देणार का? जुने पार्ट परत देणार का? मशीनचं काम कुठे होतं? हेडचे बोल्ट नवे टाकणार का? हेड प्रेशर टेस्ट करणार का? वॉरंटीत फक्त पार्ट आहेत की पुन्हा उतरवण्या-चढवण्याची मजुरीही?

पहिल्या प्रश्नाला ‘तुम्ही काळजी करू नका’ असं उत्तर आलं तर काळजी करा. मापं लिहून देणारा महाग असला तरी मी त्याच्याकडे जाईन. मधला मार्गही आहे. गाडीतून इंजिन तुम्ही काढा, बांधायला त्यांना द्या आणि परत तुम्ही चढवा. उतरवण्या-चढवण्याचे बरेच तास वाचतात. मात्र वॉरंटी कुणाची, हे आधीच बोलून घ्या. चढवलंत तुम्ही म्हणून हात वर केलेले मी पाहिलेत.

त्यापेक्षा दुसऱ्या गाडीचं जुनं इंजिन आणून बसवलं तर?

लवकर होतं, स्वस्तही पडतं, पण आत काय आहे ते कळत नाही. चालू अवस्थेत ऐकायला मिळालं आणि कॉम्प्रेशन मोजू दिलं तरच घ्या. इंजिन नंबरची कागदोपत्री नोंद करावी लागते का, तेही बघा.

नवीन बांधलेलं इंजिन थोड्याच दिवसांत पुन्हा का बसतं?

आधीचं कशानं बसलं ते कुणी शोधलेलं नसतं. रेडिएटर तुंबल्यानं गरम होऊन बसलेलं इंजिन बांधून पुन्हा त्याच रेडिएटरला जोडलं तर दुसरं काय होणार? बेअरिंग फुटून इंजिन गेलं असेल तर धातूचा चुरा ऑइल कूलरमध्ये आणि टर्बोच्या नळ्यांत जाऊन बसलेला असतो. कूलर धुऊन भागत नाही, बदलावाच लागतो. घरी असो की गॅरेजमध्ये, हा खर्च वाचवायचा मोह सगळ्यांनाच होतो.

पहिल्यांदा सुरू करताना काय करायचं?

प्लग काढून, इंधन बंद ठेवून ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टरवर फिरवा. मग प्लग लावा. सुरू झाल्यावर नजर ऑइलच्या दाबावर आणि तापमानावर ठेवा. सपाट टॅपेटवाल्या जुन्या इंजिनाला साधारण २० मिनिटं २००० आरपीएमच्या आसपास धरावं लागतं, म्हणजे कॅम नीट बसतो. रोलरवाल्यांना त्याची गरज नाही.

रनिंग-इन, म्हणजे नवं बांधलेलं इंजिन सुरुवातीला हळूहळू चालवायचं ना?

अर्धं बरोबर. १८५० च्या दशकात जॉन रॅम्सबॉटम या रेल्वे इंजिनिअरनं वाफेच्या इंजिनासाठी चिर दिलेली, स्वतःच्या ताणानं भिंतीला टेकणारी पिस्टन रिंग काढली. आजची रिंगही त्याच कुळातली. पण तिचा स्वतःचा ताण थोडाच असतो. तिला खरी भिंतीवर दाबतो तो स्फोटाचा वायू, रिंगेच्या मागे शिरून. नुसतं आयडलवर ठेवलं तर दाबच नसतो, रिंगा बसत नाहीत आणि भिंत काचेसारखी गुळगुळीत होते. म्हणून मध्यम जोर द्या, सोडा, पुन्हा द्या. वेग बदलता ठेवा. फार ओझं आणि फार आरपीएम टाळा. सुरुवातीला बहुतेक जण साधं मिनरल ऑइल वापरतात, मीही तेच वापरतो.

पहिलं ऑइल ५०० ते ८०० किलोमीटरवर काढा आणि जुना फिल्टर फेकू नका. कापून त्याची कागदी घडी उजेडात उलगडा. करडी, बोटाला न टोचणारी पेस्ट दिसली तर ते नव्या रिंगा बसल्याचं लक्षण. चमचमणारे तुकडे असले तर चुंबक फिरवा. चिकटले तर लोखंड, म्हणजे क्रँक, कॅम किंवा रिंगा. चुंबकाला न लागणारे तांबूस कण दिसले तर ते बेअरिंगचे. मग गाडी पुढे चालवू नका. चेंबर काढा आणि कॅप एकेक करून खोला.